घरात आणखी कोण

ओडेसा प्रूइट दुपारी साडेतीनला कामावरून घरी आली, पर्स ओट्यावर ठेवली, आणि मग तिला टेबलावरची आठोळी दिसली. पीचची आठोळी, नुसत्या लाकडावर ठेवलेली आणि अजून ओली. तिनं बोट लावून पाहिलं आणि ते घाईघाईनं कपड्यांना पुसलं. तिच्या नवऱ्याची, रॉइसची, खुर्ची मागे सरकवलेली होती. मागच्या जाळीच्या दाराची कडी निघून लोंबत होती. बाकी सगळं जिथल्या तिथं होतं. टीव्ही होता, रॉइसचं घड्याळ होतं, खिडकीतल्या बरणीतली चिल्लरसुद्धा होती. कुणीतरी आत आलं होतं, खुर्ची ओढून बसलं होतं, परडीतल्या पाचांतलं एक पीच त्यानं निवडलं होतं (निवडलंच होतं, कारण सगळ्यांत पिकलेलं नेमकं तेच होतं, आणि ते रात्री जेवल्यावर खायचं असं तिनं सकाळीच मनाशी ठरवलं होतं), सावकाश खाल्लं होतं आणि निघून गेलं होतं. चोरी झाली असती तर तिला ती कळली असती. टल्सा शहरात चोऱ्या होतात. चोराला वस्तू हवी असते, वस्तू गेली की तोही जातो. पण ज्याला काहीच नको होतं, नुसतं तिच्या नवऱ्याच्या खुर्चीत बसायचं होतं, तो गेला असं म्हणायचं तरी कसं?

दोन पोलीस आले. त्यातला धाकटा तिच्या भाचीहून लहान दिसत होता. "घाबरू नका बाई," तो म्हणाला. "ऊन काय पडलंय बघा ना. कुणीतरी उन्हाचा शिरला असेल. दार उघडं दिसलं, आला, खाल्लं, गेला."

"दार उघडं नव्हतं."

"कडी जुनी आहे हो. फुंकर मारली तरी निघेल." त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, मग आठोळीकडे पाहिलं. "ही ठेवायचीय तुम्हाला, की टाकू मी?"

त्यावर तिला हसू आलं, आणि हसताना आपला आवाज चढतोय हे तिचं तिलाच ऐकू आलं.

ऐकणं हा तिचा धंदाच होता. सव्वीस वर्षं ती इस्पितळात एक-दोन दिवसांच्या बाळांचे कान तपासत आली होती. बाळ झोपलेलं असावं लागतं. त्याच्या कानात बोंडाएवढी रबरी टोपी बसवायची, टक्‌टक्‌ असा बारीक आवाज आत सोडायचा आणि थांबायचं. चांगला कान त्या आवाजाला उत्तर देतो. खरोखरचं उत्तर, कानाच्या आतून अगदी क्षीण, माणसाला ऐकू न येणारा आवाज बाहेर येतो आणि यंत्र तो टिपतं. नव्या आयांना ती हे सांगायची तेव्हा त्यांना ते खरं वाटायचं नाही, आणि सव्वीस वर्षांनंतर तिलाही ते पुरतं खरं वाटत नव्हतं. ज्याला अजून नाव नाही, जो अजून आईलाही धड ओळखत नाही, तो आतून उत्तर देतो. दिवसाला आठ-दहा बाळं, म्हणजे आतापर्यंत किती हजार झाली असतील कोण जाणे, पण यंत्रावर हिरवी रेघ उमटली की अजूनही तिच्या मानेवरचे केस उभे राहत. आता तेच कान घरात तिच्यावर उलटले. फ्रिज गुरगुरायचा थांबला की ती दचके. पाणी तापवायच्या टाकीतून खळ्‌ असा आवाज आला की हातातला घास हातात राही. बुधवारी दुपारी बाराला वादळाचे भोंगे चाचणीसाठी वाजतात हे जन्मापासून माहीत असून त्या बुधवारी, सुट्टीच्या दिवशी, ती जिन्याखालच्या कपाटात जाऊन बसली, आणि भोंगा थांबल्यावरही दहा मिनिटं बसून राहिली. आठ दिवस ती उभ्यानं जेवली. रॉइसची खुर्ची तिनं परत आत सरकवली नाही, आणि तिच्यावर बसलीही नाही.

समोर राहणारा हॉलिस टीग हे सगळं आपल्या ओसरीवरून पाहत होता. सत्तरी ओलांडलेला, तेलाच्या नळांच्या जोडकामात आयुष्य गेलेला, हातांवर ठिणग्यांचे पांढरे डाग. एकतीस वर्षांचा शेजार, पण बोलणं नेहमी कुंपणापुरतं. त्याची बायको नेडीन ऑक्टोबरात गेली तेव्हा ओडेसा केक घेऊन गेली होती, अर्धा तास बसली होती, आणि मग काही ना काही निमित्तानं पुन्हा जायचं राहूनच गेलं होतं.

"मिस ओडेसा, मी रॉइसलाही सांगत होतो," तो रस्ता ओलांडून येत म्हणाला. "घरात एक शॉटगन असावी. तिच्या दट्ट्याचा नुसता खाट्‌-खूट्‌ आवाज ऐकला ना, की कसलाही धीट चोर असो, चड्डी ओली करून पळतो. गोळी उडवायलाच लागत नाही."

"आणि नाही पळाला तर?"

"मग उडवायची."

"इतकं सोपं?"

"सोपं कुठं म्हणतोय मी?" हॉलिस म्हणाला. "माझ्याकडे अकरा आहेत. एकीनंसुद्धा मी माणसावर नेम धरलेला नाही. देवाची कृपा."

डॅलसहून बहीण रमोनाचा फोन आला तो हसतच. "अगं, माझं पिस्तूल जांभळं आहे! लिपस्टिकच्या शेजारी बसतं पर्समध्ये. तू ना, बाबांची मुलगी असून भित्री ती भित्रीच."

बाबांची मुलगी. त्यांची बंदूक बोली नावाच्या गावातल्या शेतघरात स्वयंपाकघराच्या दारावर दोन खुंट्यांवर आडवी असे आणि तिच्याच खाली त्यांची रविवारची हॅट. काडतुसं मात्र आईच्या शिवणयंत्राच्या खणात, रिळांखाली. हे वाटप कुणी, केव्हा केलं ते मुलींना माहीत नव्हतं. बंदूक त्यांची, काडतुसं तिची, आणि बाबांना ती हवी असली की आईच्या खोलीच्या दाराशी येऊन मागावी लागत. ओडेसा सहा वर्षांची असताना कोंबड्यांच्या खुराड्यापाशी साप निघाला. आईनं काडतूस दिलं. बाबांनी ओडेसाला "आत जा" म्हटलं आणि ती गेली नाही. आवाज तिला आठवत नव्हता. आवाजानंतरचं आठवत होतं. पाखरं, वारा, शेजारच्या रानातलं पाणी ओढायचं इंजिन, सगळं पुसून गेलेलं; आई तोंड उघडून तिला हाका मारते आहे आणि त्या तोंडातून काहीच येत नाही. जग असं गप्प करता येतं, एका बोटानं, हे तिला त्या दिवशी कळलं. भीती नंतर आली. आधी आलं ते दुसरंच काहीतरी, चर्चमध्ये सगळे एकदम उभे राहतात तेव्हा पोटात उठतं तसं.

शनिवारी सकाळी हॉलिसनं तिला आपल्या ट्रकमधून दुकानात नेलं. हार्डवेअरचं दुकान आणि डोनटवाला यांच्यामध्ये एक लांबट, थंड खोली. तेलाचा आणि पुठ्ठ्याचा वास. काउंटरमागे डार्ला केसिंजर नावाची बाई होती. पन्नाशीची, जाड भिंगाचा चष्मा गळ्यात साखळीनं अडकवलेला, चेहऱ्यावरून मितभाषी असावी अशी वाटणारी आणि मुळीच तशी नसलेली. हॉलिसनं आत पाऊल टाकल्याटाकल्या शॉटगनचं पुराण सुरू केलं.

"हॉलिस," डार्ला म्हणाली, "गिऱ्हाईक कोण आहे?"

"मिस ओडेसा."

"मग तू डोनट खाऊन ये. आणि परत येताना माझ्यासाठी एक दालचिनीचा आण."

हॉलिस ओठांतल्या ओठांत पुटपुटत बाहेर पडला. डार्लानं चष्मा डोळ्यांवर चढवला. तिनं वस्तू आधी दाखवल्या नाहीत. ओडेसाच्या घरात ती पंचवीस मिनिटं हिंडली. म्हणजे काउंटरवर एक कागद पालथा घातला आणि ओडेसाला घराचा नकाशा काढायला लावला. झोपायची खोली कुठं, दिवे कुठं, भिंती विटांच्या की पोकळ, पुठ्ठा-प्लास्टरच्या. "पुठ्ठ्याच्या असतील तर गोळी थांबत नाही. या भिंतीतून जाते, त्या भिंतीतून जाते, शेजारणीच्या पलंगापर्यंत जाते. शेजारणीचं डोकं कुठल्या बाजूला असतं माहितीय तुम्हाला?" ओडेसाला माहीत नव्हतं. वीस फुटांवर एक बाई रोज झोपते, आणि तिचं डोकं कुठं असतं हे आपल्याला माहीत नाही, हे तिला एकाएकी लाजिरवाणं वाटलं.

मग एकेक वस्तू निळ्या कापडावर येऊ लागली. प्रत्येक ठेवण्याआधी डार्ला ती उघडून दाखवी, स्वतः पाही, बोट घालून चाचपी, आणि मग ओडेसालाही तसंच करायला लावी. "रिकामी आहे हे मी सांगितलं म्हणून मानायचं नाही. बायबलवर हात ठेवून सांगितलं तरी मानायचं नाही." शॉटगन लांब होती; घरातल्या बोळात ती वळवताना ओडेसाचं कोपर मनातल्या मनात भिंतीला लागलं. सरकत्या पाठीच्या पिस्तुलाची पाठ मागे ओढताना तिच्या अंगठ्याच्या सांध्यातून कळ गेली. सव्वीस वर्षं बारीक टोप्या बसवून तो सांधा कामातून गेला होता. "मुकाट्यानं सोसू नका," डार्ला म्हणाली. "हाताला जे जमत नाही ते घाबरलेल्या हाताला सातजन्मी जमायचं नाही." आणि मग तिनं एक काळपट रिव्हॉल्व्हर ठेवलं. साधंसुधं, चार बोटं नळी, लाकडी मूठ, नक्षी नाही. ओडेसानं ते उचललं आणि ती थांबली.

हे वजन तिला ठाऊक होतं. हे वजन तिनं कितीदा तळहातावर घेतलं होतं. सातव्या महिन्यात आलेलं बाळ, काचेच्या पेटीतलं, अजून रडायलाही न शिकलेलं. अगदी तेवढंच, दोन पौंडांच्या आतबाहेर. आणि तिच्या नकळत तिचा डावा तळवा त्या थंड लोखंडाखाली आधाराला गेला होता, बोटं किंचित पसरून, जणू मान सांभाळायची आहे.

"असं काय धरलंय?" डार्लानं विचारलं.

"सवय आहे," ओडेसा म्हणाली, आणि सवय कसली ते सांगितलं.

"इथं उभे राहून सगळे लगेच नेम धरतात," ती म्हणाली. "भिंतीवरच्या हरणावर. तुम्ही पहिल्याच, की धरला नाहीत."

दुकानाच्या मागे चार गल्ल्यांची नेमबाजीची जागा होती. डार्लानं तिच्या कानांवर जाड झाकणं चढवली आणि ओडेसानं ती दोनदा नीट दाबून पाहिली. कानाची किंमत या बाईला शिकवायला नको होती. असल्या वस्तूचा एकच आवाज बंद बोळात कानाचे केसाएवढे तंतू कायमचे मोडून टाकतो, आणि ते पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे घरात ही उडवली, तर जी वाचेल ती ओडेसाही आधीची उरणार नाही. हे तिच्या मनात आलं आणि तेवढ्यात डार्ला म्हणाली, "श्वास सोडा. चाप ओढू नका, दाबत या. केव्हा उडेल याची वाट पाहू नका." ओडेसानं श्वास सोडला. हातांतून काहीतरी वर गेलं, खांद्यांतून, दातांतून. समोरच्या कागदावर, पंधरा पावलांवर, एक भोक होतं. आधी नव्हतं, आता होतं. तिनं पुन्हा दाबलं. पाच गोळ्या झाल्या तेव्हा पाचही भोकं एका बशीत मावतील अशी होती, आणि ओडेसाच्या लक्षात आलं की आपण हसतो आहोत. आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्या पाठीचा कणा ताठ झाला होता. इतक्या दूरवर, हात न लावता, आपली इच्छा जाऊन पोचते. मधे काहीच नाही, ना पावलं, ना वेळ. देवाला असंच वाटत असेल का? आणि पाठोपाठ त्या विचाराची तिला इतकी शरम वाटली की तिनं वस्तू खाली ठेवली आणि हात मागे घेतले.

"हात दगडासारखे आहेत तुमचे," डार्ला म्हणाली. "शिकवून येत नाही हे."

दोघी परत काउंटरशी आल्या. फॉर्म होता, नाव, पत्ता, जन्मतारीख, कधी शिक्षा झाली का, कधी कोर्टानं वेडं ठरवलं का. ओडेसानं सगळीकडे खुणा केल्या. डार्ला फोनवर चौकशी करणार, पाच-दहा मिनिटांत होकार येणार, आणि जेवायच्या आत ते घरी. डार्लानं पुठ्ठ्याचं खोकं काढलं, कुलपाची छोटी पेटी काढली, आणि फॉर्मवरून नजर न उचलता विचारलं, "घरात आणखी कोण असतं?"

"कुणी नाही."

"नातवंडं येतात?"

"मूलबाळ नाही आम्हाला. कुणीच नसतं. मी एकटी."

डार्लानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही असता."

"हो, मी तर असणारच."

"मग तुमच्याबद्दलच विचारते," ती म्हणाली. आवाज मघासारखाच, घराच्या भिंती विचारल्या तसाच. "हे घरात आलं की घरात जो असतो त्याच्याजवळ ते राहतं. चोर येईल तेव्हा येईल, किंवा येणारही नाही. तुम्ही रोज असता. तुम्ही कशा असता, ओडेसाबाई?"

बरी आहे, असं म्हणायला ओडेसानं तोंड उघडलं. दोन वर्षं ती हेच म्हणत आली होती; रॉइस अंगणातलं गवत कापताना यंत्राच्या दांड्यावर ओणवा होऊन जागीच गेला आणि यंत्र तसंच चालू राहिलं त्या दिवसापासून. चर्चमध्ये, इस्पितळात, रमोनाला. पण या बाईनं चौकशी शिष्टाचारापुरती केली नव्हती. ती उत्तरासाठी थांबली होती. असं थांबणं ओडेसाला ओळखीचं होतं, कारण ती स्वतः रोज असंच थांबत होती. टक्‌टक्‌ आत सोडायचं आणि बघायचं, आतून काही येतं का. आणि आतून आलं. ते कुठून आलं ते तिला कळलं नाही. आला तो रॉइस गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचा फेब्रुवारी, आर्कन्सॉ नदीवरचा पूल, दुपारची वेळ, आकाश भांडी घासल्यावरच्या पाण्यासारखं. ती कामावरून घरी निघाली होती आणि पुलाच्या मध्यावर तिनं गाडी कडेला घेतली होती. कशाला घेतली ते तिनं स्वतःला त्या वेळी सांगितलं नव्हतं आणि नंतरही नाही. ती उतरली. वाऱ्यानं दार हातातून हिसकावलं. कठड्यापर्यंत चालत जायला वेळ लागला, कारण मध्ये गोठलेला चिखल होता आणि तिच्या पायांत कामाचे गुळगुळीत बूट होते. खाली पाहिलं तर नदीत पाणीच नव्हतं. नुसती वाळू, मैलभर वाळू, आणि मधे एक बगळा वैतागल्यासारखा उभा. आणि तेवढ्यात मागून सायकलवरून एक माणूस आला, कानटोपीवाला, नाक लाल झालेला. "गाडी बंद पडली का बाई?" त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तो थांबला. गाडी ओढून नेणारा माणूस येतोय असं तिनं खोटंच सांगितलं, तर तो म्हणाला, मग तोवर मी थांबतो, इथं गाड्या फार जोरात येतात. वीस मिनिटं तो थांबला. आपल्या मुलीच्या व्हॉलीबॉलविषयी बोलला, गुडघेदुखीविषयी बोलला. शेवटी ती म्हणाली, बघते पुन्हा चालू होते का, आणि गाडी अर्थातच चालू झाली, आणि त्या माणसाला त्याचं इतकं मनापासून आश्चर्य वाटलं की त्यानं टाळ्या वाजवल्या.

हे सगळं तिनं डार्लाला सांगितलं. बगळ्यासकट. सांगताना तिचा आवाज सपाट होता आणि हात निळ्या कापडावर पालथे पडले होते. आणि सांगता सांगता तिला ते दिसलं, इतकं स्वच्छ की अंगावर काटा आला: ती वाचली ती कशानं? चिखलानं. गुळगुळीत बुटांनी. वाऱ्यानं, वाळूनं, सायकलनं, वीस मिनिटांनी. तिच्या आणि तिच्या इच्छेच्या मध्ये देवानं किती फालतू वस्तू रचून ठेवल्या होत्या, आणि त्यांतली एकही दिसायला देवासारखी नव्हती. आणि या वस्तूत त्यातलं काहीच नव्हतं. मघाशी तिनं हसत हसत अनुभवलं होतं ते हेच. मधे काहीच नाही.

डार्लानं खोकं बंद केलं. दया नाही, घाई नाही. "नऊ वर्षांपूर्वी एकाला मी अकरा मिनिटांत बंदूक विकली होती," ती म्हणाली. "फार हसवलं त्यानं मला. कुत्र्याच्या गोष्टी सांगत होता. त्याची बायको सोमवारी दुकानात आली. ओरडायला आली असेल म्हणून मी उभी राहिले, तर तिला फक्त एवढंच हवं होतं की तो शेवटी काय बोलला ते मी सांगावं." तिनं फॉर्म उभा फाडला, मग आडवा. "आज मी तुम्हाला हे देणार नाही."

"माझ्या घरात माणूस शिरला होता!" ओडेसा एकदम ओरडली. "माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत बसला होता. तुम्ही कोण मला नाही म्हणणाऱ्या? मी घरात बसू कशी?"

"ते खरंय," डार्ला म्हणाली. "दाराला चांगला अडसर लावा. अंगणात माणूस हलला की पेटणारा दिवा लावा. कुत्रं पाळा, गुरगुरणारं. डॉक्टरला हे सांगा, जे मला सांगितलंत ते, बगळ्यासकट. सहा महिन्यांनी बहिणीला बरोबर घेऊन या, मग बघू. समोरच्या दुकानात गेलात तर तो तुम्हाला दहा मिनिटांत देईल, मी अडवू शकत नाही." आणि एका कार्डाच्या पाठीवर तिनं नंबर लिहिला. "हा दुकानाचा नाही. माझा आहे."

ओडेसाला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. ती त्या जाड भिंगांकडे पाहत राहिली. वस्तू विकून पोट भरणारी ही बाई, हिला आपलं नाव कळून दीड तास झाला नाही, आणि दोन वर्षांत जे कुणी विचारलं नव्हतं ते हिनं विचारलं, शेजारणीच्या डोक्याइतकं ते महत्त्वाचं मानून. माणसाला माणूस असं केवढं ऐकू येऊ शकतं! त्या थंड खोलीत तिला क्षणभर पाय जमिनीला लागत नाहीत असं झालं.

बाहेर हॉलिस ट्रकमध्ये बसला होता, मिशीला साखर लागलेली. तिच्या रिकाम्या हातांकडे त्यानं पाहिलं. "पसंत नाही पडली?"

"पडली," ओडेसा म्हणाली. "तिनं दिली नाही."

"दिली नाही? डार्लानं? थांबा, मी बोलतो तिच्याशी..."

"नका बोलू. तिचं बरोबर आहे."

त्यानं पुढे विचारलं नाही. विचारलं नाही यावरून तो समजला हे तिला कळलं. ट्रक निघाला. रस्त्यावर ऊन थरथरत होतं. सिग्नलला ते थांबले आणि ओडेसानं सहज, म्हणजे सहज म्हणावं इतक्या हळू, विचारलं, "हॉलिस, तुमच्या घरात कोण असतं?"

"कोण असणार? कुणी नाही."

सिग्नल हिरवा झाला. हॉलिसनं गाडी हलवली नाही. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. हॉलिसचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर होते, पांढऱ्या डागांचे, आणि ते चाक त्यांनी असं धरलं होतं की जणू ते कुणी काढून नेणार आहे.

"मी असतो," तो म्हणाला.

घरी पोचेपर्यंत त्यानं ट्रक अगदी सावकाश चालवला.

रविवारी चर्चहून ती आली तेव्हा तो तिच्या मागच्या दाराशी गुडघ्यांवर बसला होता, ड्रिल आणि लोखंडी अडसर घेऊन. विचारायची पद्धत नव्हतीच त्याची. त्यानं चार लांब स्क्रू चौकटीत आतपर्यंत घातले, अडसर सरकवून पाहिला, तेल दिलं, पुन्हा सरकवून पाहिला. ओडेसानं लिंबाचं सरबत केलं. तो ओट्याला टेकून एका दमात प्यायला, ग्लास धुवून पालथा घातला, आणि मग शर्टाच्या खिशातून काहीतरी काढून तिच्यापुढे ठेवलं. बुटाची नाडी ओवलेली एक पितळी किल्ली.

"ही कसली?"

"तिजोरीची. अकराच्या अकरा बंदुका आत आहेत. दुसरी किल्ली नाही; होती, ती सकाळी कापून टाकली."

"मला कशाला देताय?"

हॉलिसनं खिडकीतून आपल्या घराकडे पाहिलं. नेडीनचे पडदे अजून तसेच होते, एक एका बाजूनं लोंबलेला. "संध्याकाळी वाईट वाटतं," तो म्हणाला. "बंदूक हवी असली, तर आता मागायला यावं लागेल. बूट घालावे लागतील. रस्ता ओलांडावा लागेल. दार वाजवावं लागेल. आणि तुम्ही विचाराल, कशाला हवी."

"विचारीन."

"हरणांच्या शिकारीच्या दिवसांत विचारलंत तर चिडेन मी."

"चिडा. तरी विचारीन."

"म्हणून तर." त्यानं ड्रिल उचललं. दाराशी वळून म्हणाला, "तुम्हीसुद्धा वाजवत जा की, मिस ओडेसा. माझं दार काही गंजलेलं नाही."

ती त्याच्या मागोमाग पुढच्या पायऱ्यांपर्यंत आली. किल्ली तिच्या मुठीत होती, हॉलिसच्या खिशातल्या उबेसकट. हॉलिस पायऱ्या उतरला, थांबला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, एक गाडी जाऊ दिली, मग चालू लागला. गुडघा दुखत होता, डावा पाय जरा ओढत होता. मधल्या पट्ट्यावर पोचून त्यानं ड्रिल दुसऱ्या हातात घेतलं. डांबर तापून मऊ झालं होतं. तो अजून पोचला नव्हता. एकतीस वर्षं ती या पायऱ्यांवरून समोर पाहत आली होती, आणि त्या दोन घरांमधला रस्ता किती रुंद आहे हे तिला आज पहिल्यांदा दिसत होतं.